जाडा तांदूळ

कोरचीकडून येणारी एसटी
फाट्यावर दोन तास उशिरा थांबली.
आधी पोतं उतरलं, मग पत्र्याची पेटी,
मग एका हातात दोन्ही चपला धरून आचल.
पट्टा कुरखेड्यालाच तुटला होता.

नणंदेची मुलगी. पाहिली होती मी तिला
माझ्याच लग्नात, कुणाच्या तरी कडेवर,
मांडवातल्या बॅन्डला घाबरून रडताना.
आता बीएस्सी पहिलं वर्ष,
ब्रह्मपुरीचं कॉलेज, आमच्या गावाहून
सायकलनं नऊ किलोमीटर.

"मायनं देलन," पोत्याकडे बघत म्हणाली.
"लुचई हाय. घरचा."
बाकी त्या दिवशी काही बोलली नाही.

पारसची खोली तिला दिली, म्हणून पारस फुगला.
ती खाटेच्या काठावर बसायची,
जणू खाट एसटीतली आहे
आणि कुणीतरी येऊन उठवणार आहे.
दुसऱ्यांदा वाढायला गेलं की ताटावर हात.
"मले पुरे, मामी."
मोबाइलसुद्धा कॉलेजातच चार्ज करून आणायची.

रविवारी तिची आई बोडीच्या पाळीवर चढायची,
तिथंच रेंज मिळते म्हणे.
आचल माझ्यासमोर उभी राहून, मोठ्यानं,
"मामी चांगली हाय. मामा चांगले हायत.
सगळं चांगलं हाय."
शाळेत कविता पाठ म्हणतात तसं.

त्याच दिवसांत माझा भात बिघडला.
अर्धा गिचका, अर्धा टचटचीत.
सोळा वर्षं चुलीपुढे काढलेली बाई मी,
मी पाणी बदललं, कुकर बदलला,
शेवटी ह्यांच्यावर घसरले:
राइस मिलमध्ये काट्यावर बसता ना तुम्ही,
मग घरी हा कसला माल आणता?
हे मूठ नाकाशी नेऊन म्हणाले, "एचएमटीच आहे गं,"
आणि दोन दिवस जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी एका पहाटे लवकर जाग आली.
आचल स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
स्टीलच्या वाटीनं माझ्या कोठीत तांदूळ ओतत होती.
दोन वाट्या.
वरून तळहात फिरवून सपाट केलेल्या,
एक दाणा जास्त नाही, एक कमी नाही.
मग वहीचं मागचं पान उघडलं, एक रेघ मारली.
चार उभ्या, पाचवी आडवी,
पानभर रेघाच रेघा,
आणि खाली गोल करून लिहिलेलं:
मार्चपर्यंत पुरते.

मला राग आला. खरं सांगते, माया नंतर आली.
रागातच तिच्या खाटेखालचं पोतं ओढत आणलं
आणि सगळंच्या सगळं कोठीत उलटं केलं.
धूळ उडाली, पारस जागा झाला.
मी कोपरापर्यंत हात घालून खालचं वर केलं.
"मोज आता," म्हणाले.
"तुझे कोणते, माझे कोणते, निवडून दाखव."

ती कोठीत बघत राहिली.
वाटी हातात तशीच.
चहा न घेता सायकल काढून गेली.
दिवसभर माझं मन थाऱ्यावर नव्हतं.
पोर परत गेली तर नणंदेला काय सांगू?
तांदूळ सांडला म्हणून?

संध्याकाळी आली. हातपाय धुतले.
मी पातेलं चढवणार तर मागून आवाज,
"असं नाही, मामी. अर्धा घंटा भिजू द्या लागते.
आच कमी ठेवा. सरका, मी लावतो."
दोन पेरं पाण्यात बुडवून तिनं माप घेतलं.
त्या रात्री भात बरा झाला. फार काही नाही, बरा.
तिनं दोनदा घेतला.
पारसनं विचारलं, हा तांदूळ दोन रंगांचा का?
कुणीच सांगितलं नाही.

मग रविवार.
ह्या वेळी फोन घेऊन ती मागच्या सांदवाडीत गेली,
न्हाणीच्या दगडावर बसली, पाय हलवत.
बारीक आवाजात, पण मला ऐकू येत होतं:
"मामीले ना माय, भातच लावता येत नाही.
आन् घोरते किती!"

मी दाराआड, हातात राखेनं माखलेली कढई.
घासणं थांबवलं.
आणखी काय काय सांगते, ऐकू तरी.